धारेवरचे तीन दगड

विश्वास ठेवा असा आग्रह मी करणार नाही. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मीच हसले असते. पण हे माझ्या नवऱ्याच्या बाबतीत घडलंय, आणि त्यातलं उरलेलं मी रोज बघतेय.

गेल्या वर्षीची पोंगलची सुट्टी. आम्ही चेन्नईत मैलापूरला भाड्याने राहत होतो. मला सातवा महिना होता. बाळ यायच्या आत स्वतःचं घर हवं, एवढा एकच ध्यास मी घेतला होता. टी. नगरपासून सगळीकडे घरं बघून झाली होती. एकही जमत नव्हतं.

आणि अनिकेतला सुचलं डोंगर चढायचं! तेही एकट्याने.

मी चिडून त्याच्याशी बोललेसुद्धा नाही.

आंध्राच्या सीमेजवळ ती डोंगररांग आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. पाच शिखरं आणि त्यांना जोडणारी अरुंद धार. अनिकेत नाशिकचा, सह्याद्रीत वाढलेला. त्याला कसली आलीय भीती!

पहिली दोन शिखरं त्याने सहज पार केली. तिसऱ्यापासून खडकाला बिलगून, हातापायांनी चढायचं होतं. वाट कळेना. तेवढ्यात त्याला ते दिसले. तीन चपटे दगड, एकावर एक रचलेले.

आपल्याकडे ट्रेकर वाट दाखवायला असेच दगड रचतात. तो निर्धास्त झाला. पुढे तसेच तीन दगड. त्याच्या पुढे आणखी...

चौथं शिखर मागे पडलं आणि त्याच्या लक्षात आलं, वारा थांबलाय. एकही पाखरू ओरडत नाहीये.

मग मागून आवाज आला...

टक्.

दगडावर दगड ठेवल्यासारखा.

त्याने वळून पाहिलं. कुणीच नव्हतं. पण ज्या खडकाला धरून तो आत्ता वर आला होता, त्या खडकावर तीन दगड होते.

क्षणापूर्वी तिथे त्याचा हात होता.

तो घाबरून भराभर पुढे सरकला. ढग खाली उतरला होता. पुढचे दगड दिसले तेव्हा ते जवळजवळ पायाखालीच होते. पाय लागला, दगड घरंगळले... आणि दिसेनासे झाले.

पुढे जमीन नव्हती. सरळ कडा.

दगड पडल्याचा आवाज आलाच नाही.

तो रांगतच मागे सरकला. जरा धीर आल्यावर त्याला वाटलं, मागून येणारा कुणी इथून खाली जायला नको. म्हणून कड्याच्या बराच अलीकडे त्याने स्वतःच्या हातांनी तीन नवे दगड रचले. सगळ्यात वरच्यावर पांढरी रेघ होती. पाचवं शिखर सोडून तो परत फिरला.

येताना वाटेत एकही दगड रचलेला नव्हता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. मी रडलेच. आमच्या घरमालकीण वसंता मामी तेवढ्यात पोंगलचा गोड भात घेऊन वर आल्या. त्या तंजावरच्या मराठी. सगळं ऐकून त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"ऐयो! तें वाटेचें निशाण नव्हे गे. ज्यांस घर नाहीं त्यांणी तसे दगड ठेवितात. घर मिळावें म्हणून."

"पण मामी, तिथे वर कुणी माणूसच येत नाही," अनिकेत म्हणाला. "कोण ठेवणार?"

मामींनी पोटच्या पोराला विचारावं तसं त्यालाच उलट विचारलं.

"तूं कोणासाठीं ठेविलेस, कण्णा?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्हाला घर मिळालं. नुंगंबाक्कमला, आमच्या ऐपतीत! मालक मुलाकडे परदेशी निघाले होते, त्यांनी स्वतःहून फोन केला. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

किल्ली घेऊन कुलूप मीच उघडलं. घर रिकामं, झाडून-पुसून लख्ख. मागची छोटी खोली मी मनात बाळाला देऊन टाकली होती. ती उघडली...

मध्यभागी तीन दगड होते. एकावर एक.

सगळ्यात वरच्यावर पांढरी रेघ.

अनिकेत ते उचलून फेकणार होता. मी आधी मामींना फोन लावला.

"हात लावूं नका," त्या म्हणाल्या. "घर मिळालें नव्हे त्याला?"

'त्याला' म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

आता मुलगी रांगायला लागलीये. ती आमच्याजवळच झोपते. मागची खोली बंद असते. कागदावर घर आमच्या दोघांच्या नावाचं आहे, पण केर काढायला तिथे जाताना मी आधी दार वाजवते. स्वतःच्या घरात!

काल दुपारी अनिकेत ऑफिसला गेला होता. मुलगी माझ्या कडेवर होती. मी नेहमीसारखं दार वाजवलं...

आतून उत्तर आलं.

टक्.

मी केरसुणी तिथेच टाकली. ती अजून त्या दाराशी पडलीये.