ओडिशाची रश्मी

खोपोलीच्या एसटी स्टँडवर हर्षला अर्धा तास एका बाईची वाट बघत उभी राहिली, आणि ती बाई चक्क पुरुष निघाली!

माघातली रविवारची सकाळ होती. कोवळं ऊन, घाटाकडून येणारा गार वारा आणि त्यात कुठल्याशा आंब्याच्या मोहोराचा वास. हर्षलाच्या पिशवीत डझनभर हिरव्या बांगड्या आणि अबोलीचा गजरा होता – रश्मीताईंसाठी. 'माझ्या हातात रंगीत छत्री असेल, लगेच ओळखाल,' असा ताईंचा मेसेज होता.

छत्री तिनं लगेच ओळखली. लाल-पिवळ्या कापडाची, वर हत्ती नि मोर शिवलेले, काठाला बारीक आरसे. सगळा स्टँड तिच्याकडे बघत होता. पण छत्रीखाली एक उंच, सावळा, चष्मेवाला तरुण उभा होता.

"ही छत्री रश्मीताईंची ना?" हर्षलानं विचारलं. "त्या कुठे आहेत?"

त्यानं छत्री मिटली. पुन्हा उघडली. घसा खाकरला.

"मीच... रश्मी. रश्मीरंजन मोहंती. मी आले."

"आले?"

"म्हणजे... आलो? मराठी मी मोतीबाईंकडून शिकले. त्या खाणावळ चालवतात. त्या 'येते, जाते' म्हणतात, तर मी पण... आमच्या ओडियात बाई असो की पुरुष, क्रियापद एकच. आणि रश्मी आमच्याकडे मुलाचं नाव. माझ्या वर्गात तीन रश्मी होते. तिघांना मिशा!"

हर्षलाला हसू यायला हवं होतं. पण तिच्या पायांखालचा स्टँड सरकला होता. कारण गेल्या तीन आठवड्यांत आपण या माणसाला काय काय लिहिलंय, हे तिला एकेक करून आठवायला लागलं होतं...

हर्षला पनवेल रस्त्यावरच्या लोधिवलीची, आबाजी पाटलांची धाकटी मुलगी. खोपोलीतल्या एका खाजगी शाळेत सातवीला शिकवायची. शाळेनं प्रदर्शन ठरवलं होतं. दर वर्गाला एक राज्य – तिथला भूगोल, माणसं, उद्योगधंदे, सण. सातवीच्या चिठ्ठीत ओडिशा निघालं, आणि हर्षलाला ओडिशाबद्दल जगन्नाथाच्या रथापलीकडे काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. शाळेच्या क्लार्कनं एक नंबर दिला. "ओडिशाचे आहेत, इथं कारखान्यात. नाव रश्मी." कारखान्यात फोनवर बोलता येत नाही, म्हणून सगळं मेसेजवर चाललं. फोटोच्या जागी कोणार्कचं चाक. आणि भाषा अशी – 'ड्युटी संपली की नकाशा पाठवते.'

मग संशय येणार कुठून?

महानदी, चिल्का सरोवर, लोखंडाच्या खाणी यांवरून गोष्ट सणांवर आली. रश्मीताईंनी 'रजो'बद्दल लिहिलं. ज्येष्ठाच्या शेवटी तिकडे मानतात की धरणीमाय विटाळशी झाली. तीन दिवस नांगर धरत नाहीत, जमिनीला विश्रांती. मुली नवे कपडे घालून झोपाळ्यावर झुलतात.

आणि हर्षलानं, बाई समजून, भडाभडा लिहून टाकलं होतं – 'किती छान गं! आमच्याकडे मला त्या चार दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाहीत!'

तेही परवडलं. पण त्याच आठवड्यात कर्जतच्या जितेशच्या घरचे तिला बघायला आले. जितेश पूर्ण वेळ मोबाईलमध्ये बघत बसला. त्या संध्याकाळी तिनं रश्मीताईंपाशी मन मोकळं केलं. रश्मीताईंनी लिहिलं, 'जो समोर बसून समोर बघत नाही, त्याला नाही सांगा.' त्यावर हर्षलानं काय उत्तर दिलं होतं?

'तू मुलगा असतीस ना रश्मी, तर मी तुझ्याशीच लग्न केलं असतं!'

आता खोपोलीच्या स्टँडवर, छत्रीच्या आरशांत स्वतःचा लालबुंद चेहरा बघत ती म्हणाली, "तुम्ही... आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. 'गं' तर इथे सगळेच म्हणतात. मोतीबाई त्यांच्या मांजरालाही म्हणतात. पण तो शेवटचा मेसेज वाचला तेव्हा कळलं. दोन दिवस झोपले नाही. मग वाटलं, हे मेसेजवर सांगणं बरं नाही... समोर येऊन सांगावं."

तो समोर बघत होता. थेट तिच्याकडे. हर्षलानं पिशवी त्याच्या हातात कोंबली. "हे घ्या. तुमच्यासाठीच आणलं होतं!" आणि पनवेलच्या गाडीत चढली.

खिडकीतून तिला दिसलं – तो पिशवीत डोकावला. बांगड्या बघितल्या. गजरा बघितला. आणि भर स्टँडवर इतका मनापासून हसला की हर्षलाला तोंडावर ओढणी धरावी लागली. तीही हसत होती, हे त्याला दिसू नये म्हणून...

मंगळवारी चार वाजता, पहिली पाळी संपवून, तो शाळेत हजर. "प्रदर्शन तर करायचं आहे ना?" मग तो रोजच यायला लागला. पोरांना त्यानं ताडपत्रावर सुईनं चित्र कोरायला शिकवलं. हर्षलानं भिंतीवर मोठ्या हौसेनं ओडिया मुळाक्षरांचा तक्ता लावला होता. तो बघून रश्मीरंजन बराच वेळ मान वाकडी करून उभा राहिला.

"काय झालं?"

"छान आहे. फक्त... उलटा आहे."

"काय? आठ दिवस! मुख्याध्यापकांनी कौतुक केलं!"

"गोल गोल अक्षरं आहेत. कुणाला कळतंय?" तो हळूच म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही. बदल्यात मला मराठी शिकवा. पुरुषांची."

"म्हणा, मी येतो."

"येतो."

"मी जातो."

तो उलटा तक्ता सरळ करायला लागला.

"अहो, म्हणा ना... जातो."

"ते नको. पुढचं शिकवा."

हर्षलानं खडूचा डबा उघडला, बंद केला. आत काय शोधायचं होतं, ते ती विसरली होती.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून गर्दी. हर्षलाचे आईवडीलही आले. आबाजी भातशेतीवाले; बोलणं कमी, बघणं जास्त. सातवीच्या वर्गात रश्मीरंजननं मातीच्या हंडीत 'पखाळ' मांडला होता. रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, त्यात दही, कढीलिंब, बाजूला भाजलेलं वांगं. आबाजींनी वाटी तोंडाला लावली आणि डोळे मोठे केले.

"आरं, हा तर आमचा ताकातला शिळा भात! येवढ्या लांबून हेच आणलंस व्हय?"

"हो काका. आमच्याकडे त्याच्यासाठी एक दिवस पण ठेवलाय. सगळं राज्य त्या दिवशी हेच खातं."

"शिळ्या भाताचा सण?" आबाजी थक्क झाले. मग दोघांचं भातावर जे सुरू झालं ते थांबेना. त्याचे वडील समुद्राजवळच्या गावात भातच लावत. वादळात खारं पाणी शेतात शिरलं की दोन-दोन वर्षं पीक धड येत नसे. आबाजींनी 'निसर्ग' वादळात उडालेले स्वतःचे पत्रे सांगितले. शेवटी भिंतीवरचं रजोचं चित्र बघून म्हणाले, "तीन दिवस जमिनीला इसावा... आमी कंदी दिला नाय. आता तर शेजारच्या शेतांवर बंगलेच उठले."

हर्षला लांबून बघत होती. आणि ती बघतेय हे आबाजी बघत होते – पण हे तिला तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी तक्ते उतरवताना वर्गात ती दोघंच होती.

"हर्षला, मला बदलीचं पत्र आलंय. आमच्याकडच्या कारखान्यात. पंधरा दिवसांत जायचं आहे."

तिच्या हातातली टाचणी बोटात गेली.

"अचानक?"

"दोन वर्षांपूर्वी मीच अर्ज केला होता. वडील थकलेत. मी एकटाच मुलगा. तेव्हा इथे थांबावं असं काही..." तो थांबला. "तेव्हा काही नव्हतं."

ती 'बरं' म्हणाली. एवढंच. बोट तोंडात धरून तिनं पाठ फिरवली. पुढचे सहा दिवस त्याच्या एकाही मेसेजला तिनं उत्तर दिलं नाही. जाणाऱ्या माणसाला काय लिहायचं?

रविवारी दुपारी ती गिरणीतून दळण घेऊन घरी आली, आणि डबा हातातून निसटता निसटता वाचला. ओटीवर रश्मीरंजन मांडी घालून बसला होता!

"आबा! हे... हे इथे कसे?"

"मी बोलावलं," आबाजी शांतपणे म्हणाले. "नंबर घेतलेला त्या दिवशी. जाणार हाय म्हणतो. येकदा आपल्या घरचा भात खाऊन जाऊ दे."

तिच्या आईनं, इंदूबाईंनी, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी केली होती. तो खाली मान घालून जेवत होता. हर्षला वाढत होती. आणि भाताची दुसरी मूद पडली तेव्हा आबाजी म्हणाले,

"काय रं, तुमच्यात मागणी कोण घालतं? पोरीकडचे का पोराकडचे?"

रश्मीरंजनला ठसका लागला. हर्षलाच्या हातातला डाव हवेतच राहिला. इंदूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"अवो, याड लागलंय का तुमाला? भाषा आपली नाय, जात आपली नाय, गाव कुठं हाय ठावं नाय!"

"समदं खरं हाय," आबाजी म्हणाले. "पण हा पोरीकडं बघून बोलतो. जितेश आला तवा आपली पोर भिंतीकडं बघत बसलेली. शाळंत मी तिला बघितली. म्हातारा झालोय, आंधळा नाय."

हर्षलाला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. ज्या आबांसमोर तिनं कधी मान वर करून आवडनिवड सांगितली नव्हती, ते आबा हे बोलत होते?

रश्मीरंजन पाणी प्यायला.

"काका, आधी मुलीला विचारायला हवं. मी अजून विचारलेलं नाही. मला जायचंच आहे, मग कुठल्या तोंडानं..."

"मग इचार की! आमी हायच."

तो उष्ट्या हातानं तसाच उठून उभा राहिला. "हर्षला, तिथे तुला भाषा येणार नाही. माझी आई चांगली आहे, पण खूप बोलते. उन्हाळा भयंकर. शाळा शोधावी लागेल. आणि मी... तुझे सहा दिवस मेसेज आले नाहीत, तर मला जेवण जात नव्हतं. येशील?"

"मला भीती वाटतेय," हर्षला म्हणाली. तिचा स्वतःच्याच आवाजावर विश्वास बसेना. "तिथे करमलं नाही तर मी रोज भांडेन. वर्ष संपल्याशिवाय शाळा सोडणार नाही; पोरांची परीक्षा आहे. मेमध्ये आई-आबांना घेऊन तुझं घर बघायला येईन. पण... हो. येईन."

"हो?"

"हो म्हटलं ना!"

तो मटकन पाटावर बसला. आबाजींनी त्याच्या पानात आणखी भात वाढला.

इंदूबाई मात्र आत निघून गेल्या होत्या. हर्षला मागोमाग गेली. आई चुलीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसत होती. हर्षला नुसती तिच्या पाठीला टेकून उभी राहिली. आईनं विचारलं,

"किती लांब गं ते?"

"रेल्वेनं दीड दिवस."

आईचा हुंदका वर आला.

"पण विमानानं दोन-सव्वादोन तास, आई."

इंदूबाई रडायच्या थांबल्या. वळून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"दोन तास? आगं, कशेळ्याला माझ्या माह्यारी जायला मला दोन गाड्या बदलून तेवढेच लागतात की!"