पत्र्यावर दोन ठोके

बळवंतराव दतियाहून डबा आणायला निघाले तेव्हा पद्माकाकूंनी दारातून नेहमीप्रमाणे सल्ला दिला, आणि नेहमीप्रमाणे तो वाया गेला.

“अहो, कोहरा जरा उठू द्या, मग निघा.”

“तू तुझे पोहे सांभाळ. गाडी माझी आहे.”

असा हा माणूस. जरा दिव्याजवळ सरकून बसा, ही गोष्ट घाईने सांगण्यासारखी नाही. बळवंतराव ग्वाल्हेरातल्या लष्कर भागातले, दौलतगंजातले. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्याची ऐट अजून अंगात. “आमच्या घराण्यात लगाम एकाच्याच हातात असतो,” हे त्यांचं पालुपद. चौतीस वर्षं गाडी चालवली, एक ओरखडा नाही. पण शेजारी बसलेल्याने “जरा डावीकडून घ्या हं” म्हटलं, की स्वारी गाडी बाजूला लावायची आणि म्हणायची, “या, तुम्हीच चालवा.” एकदा तर सख्ख्या व्याह्यांना वाटेतल्या डबरा गावच्या स्टँडवर उतरवून दिलं होतं. मागून कोणी शिकवलेलं खपायचंच नाही!

हल्ली ते एका नेत्रपेढीची पांढरी व्हॅन चालवत. कुठे कोणी नेत्रदान केलं की तिथे जायचं, डोळे ठेवलेला बर्फाचा डबा उचलायचा आणि दवाखान्यात पोचवायचा. रोजचंच काम, पण त्या दिवशीचा डबा रोजचा नव्हता. तो निधीसाठी होता.

निधी म्हणजे दोन घरं पलीकडच्या सुमनताईंची मुलगी, एकोणीस वर्षांची. डावा डोळा लहानपणी पतंगाची काडी लागून गेलेला. राहिला उजवा. महिन्यापूर्वी स्कूटीवरून येताना हायवेच्या कामावरच्या डंपरमधून खडी उडाली आणि नेमकी त्या डोळ्यात शिरली. जखम चिघळली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, “आज अकराला ऑपरेशन. डबा वेळेत आला तर डोळा वाचेल. ही जखम उद्यापर्यंत थांबणार नाही.” सुमनताई रात्रभर जाग्या होत्या. पहाटे व्हॅनच्या काचेशी येऊन एवढंच म्हणाल्या, “भावजी, पोरगी काळोखात जाईल हो...”

“मी आहे ना,” बळवंतराव म्हणाले.

दतियाच्या दवाखान्यात डबा हातात दिला तो समरजीतने. डोळे त्याच्या वडिलांचे. दौलतसिंह त्यांचं नाव, आदल्या रात्री दहाला गेले. पोराचे डोळे लाल होते, पण बोलला नीट.

“बाबूजी ने यही सड़क बनाई है, अंकल. बाईस साल. डंपर पीछे लगवाते थे.”

म्हणजे काम असं. रस्त्याचा भराव टाकताना डंपर उलटा उलटा कडेपर्यंत आणायचा असतो. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. मागे एक माणूस उभा राहतो आणि हाताने पत्रा ठोकतो. दोन ठोके म्हणजे येऊ दे. एक ठोका म्हणजे थांब. ऐकलं नाही तर डंपर खड्ड्यात.

“बाईस साल में एक गाड़ी नहीं गिरी,” समरजीत म्हणाला. “कल भी होश में यही पूछ रहे थे... पुल बना कि नहीं.”

बळवंतरावांनी मान हलवली. डबा मागच्या सीटवर नायलॉनच्या दोरीने घट्ट आवळून बांधला आणि सातला निघाले. एरवी दीड तासाचा रस्ता.

धुकं मात्र उठलं नव्हतं, उलट खाली बसलं होतं. तुम्ही आमच्याकडचं जानेवारीतलं धुकं पाहिलंय का हो? काळोखात निदान दिवा लावता येतो. इथं दिवा लावावा तर तोच उजेड पांढरा होऊन तोंडावर परत येतो. सकाळचे नऊ वाजलेले, सूर्य कुठेतरी असणार, पण बळवंतरावांना स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नव्हतं. काच खाली करून ते कानांनी रस्ता शोधत होते. ओल्या धुराचा वास येत होता. वायपर कुरकुरत होता. मधूनमधून फोन वाजत होता, सुमनताईंचा. उचलायची हिंमत झाली नाही.

अशा धुक्यात इकडचे सगळे ड्रायव्हर एकच करतात. पुढच्या ट्रकची शेपटी धरतात. त्याचे दोन लाल दिवे दिसतील एवढं अंतर ठेवायचं आणि तो जाईल तिकडे जायचं. बळवंतरावांनीही डबऱ्यापासून एक ट्रक धरला होता. बिलौआ गावापाशी तो ट्रक गिट्टीच्या खाणीकडे वळला असावा. लाल दिवे एकाएकी विझले, आणि समोर नुसतं पांढरं उरलं.

थांबायला हवं होतं. पण घड्याळात सव्वानऊ झाले होते, आणि चाकाखाली रस्ता लागला होता कसा, तर लोण्यासारखा! खड्डा नाही, धूळ नाही, दोन्ही कडांना चुन्याने रंगवलेले दगड. इतके महिने या कामाने हाडं खिळखिळी केली होती. बळवंतराव खूश झाले. “चला, एकदाचा झाला बुवा,” म्हणाले आणि पाय दाबला. मागे तोंडावर पडलेली वळणरस्त्याची पाटी त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला.

ठक्.

एकच. मागच्या पत्र्यावर. बळवंतरावांना वाटलं, डबा सैल झाला. वळून पाहिलं, दोरी तशीच घट्ट. व्हॅनमध्ये मात्र गरम डांबराचा वास भरला होता. धुक्यामुळे चार दिवस काम बंद, कुठे भट्टी नाही, आणि डांबराचा वास!

ठक्!

“कोण आहे रे?” ते खेकसले. मागून कोणी सांगितलेलं त्यांना अजूनही खपत नव्हतं. त्यांनी पाय आणखी दाबला.

तिसरा ठोका असा बसला की अख्खी व्हॅन हादरली आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी घसरत घसरत थांबली, इंजिन बंद पडलं.

बळवंतराव खाली उतरले. बॉनेटला हात लावून पुढे दोन पावलं गेले, आणि तिसरं पाऊल टाकायला जमीनच नव्हती. रस्ता चाकूने कापावा तसा संपला होता. कडेला गजांची टोकं वर आलेली. अर्धवट पूल. त्यांनी एक खडा खाली टाकला. बऱ्याच वेळाने खाली नाल्यातल्या पाण्यात आवाज झाला.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बॉनेट धरून ते उभे राहिले. चार हात आणखी गेले असते तर ते, गाडी आणि निधीचा डोळा, सगळं खाली.

मग ते मागे गेले. मागे कोणीच नव्हतं. पण पत्र्यावर दव साचलं होतं, आणि दवात एका पंजाचा ठसा होता. पाची बोटं फाकलेली, ताजा, अजून पाणी ओघळत असलेला.

आता तुम्ही म्हणाल, पळाले असतील. पळणार कुठे? आणि पोरीचं काय? साडेनऊ होत आले होते. पुलाकडे जाणारा बांध इतका अरुंद की गाडी वळवता येत नव्हती, दोन्हीकडे उतार. एकच वाट होती. उलटं जायचं, तेही जवळजवळ अर्धा किलोमीटर. आरशात पांढरं, मागच्या काचेत पांढरं.

बळवंतराव सीटवर बसले. चौतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मागे न बघता म्हणाले,

“उस्ताद... बच्ची का सवाल है. आप बोलो... मैं सुनूँगा.”

वायपरची कुरकुर तेवढी.

ठक् ठक्.

त्यांनी इंजिन सुरू करून रिव्हर्स टाकला. गाडी सरकली. ठक् ठक्. ठक् ठक्. एका जागी ठक्! त्यांनी तिथल्या तिथे ब्रेक दाबला. जरा चाक डावीकडे घेतलं. ठक् ठक्. घामाने सदरा पाठीला चिकटला, थंडीत. आज पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी मागून सांगत होतं, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं. असा उस्ताद माणूस मागे असेल तर कोणाला नको वाटेल?

बांधाच्या तोंडाशी आले तेव्हा त्यांनी दोन मिनिटं घालवलीच. पाटी उभी केली, दगड रचले, आणि पद्माकाकूंनी विणलेला लाल मफलर वर बांधला. दुसरा कोणी गुळगुळीत रस्त्याला भुलायला नको.

मग जी गाडी निघाली म्हणता! दोन ठोके, दाब. एक ठोका, थांब. एकदा थांबले तर समोर बिनदिव्याची उसाची ट्रॉली आडवी. एकदा म्हशींचा कळप. धुक्यात अडकून पडलेल्यांनी व्हॅनचे लाल दिवे पाहिले आणि शेपटी धरली. आधी एक बस, मग जीप, मग दुधाचा टेम्पो. जौरासीचा घाट चढेपर्यंत मागे रांग लागली होती, आणि सगळ्यांच्या पुढे बळवंतराव, दातओठ खात, मोठमोठ्याने ओरडत, “बोलो उस्ताद, बोलो!”

घाट उतरला आणि धुकं फाटलं. ऊन पडलं. दूर ग्वाल्हेरचा किल्ला दिसला, लख्ख, पायाशी पांढरं आणि वर पिवळं. बळवंतरावांना हुंदका आला. पणजोबांनी कुठल्या मोहिमेवरून परतताना हा किल्ला पाहिला असेल, तेव्हा त्यांनाही इतका आनंद झाला नसेल.

अकराला दहा कमी असताना डबा नर्सच्या हातात पडला. सुमनताई जिन्यात बसल्या होत्या. त्या उठल्या आणि धावत पुढे आल्या. “आणलं, वहिनी,” बळवंतराव म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

मागून येऊन पोचलेला बसवाला त्यांना शोधत आत आला होता. पाया पडायला लागला. “उस्ताद, आपके पीछे लगे तो चालीस सवारी घर पहुँच गईं.”

“मेरे नहीं, भाई,” बळवंतराव म्हणाले, “मेरे नहीं.” पुढे काही सांगितलं नाही. त्याला नाही, सुमनताईंना नाही, पद्माकाकूंनासुद्धा नाही. मफलर कुठे हरवला म्हणून बोलणी खाल्ली, ती मुकाट्याने खाल्ली. दतियाला समरजीतला मात्र फोन केला. “बेटा, बाईस नहीं, तेईस साल लिख लो,” एवढंच म्हणाले. पोराला काही कळलं नाही.

आठवड्याने निधीला घरी सोडलं. पट्टी निघाली होती, तिला दिसत होतं. व्हॅनमध्ये बसल्यापासून ती पाट्या वाचत आली, “नया बाजार... साड़ी सेंटर... आई, ते बघ, तिळाची गजक!” आणि प्रत्येक पाटीला सुमनताई डोळे पुसत होत्या. दौलतगंजात लोक दारात उभे होते. कोणी पेढे आणले होते, कोणी ओवाळायला ताट. पद्माकाकूंनी पोहे केले होते.

निधी आणि सुमनताई घराशी उतरल्या. गल्ली अरुंद, गाडी उलटी काढायची होती. बळवंतरावांनी रिव्हर्स टाकला.

ठक् ठक्.

हात आपसूक ठोक्याबरोबर चालला. ठक् ठक्. गाडी मागे सरकत राहिली.

ठक्!

ते थांबले. उतरून पाहिलं. नळवाल्यांनी सकाळीच गल्लीची एक कड खणून ठेवली होती. मागचं चाक खड्ड्यापासून वीतभर अंतरावर होतं.

आणि पत्र्यावर हात ठेवून निधी उभी होती.

“अगं, हे कुठं शिकलीस गं?” सुमनताई दारातून हसत म्हणाल्या.

निधीने आपल्या हाताकडे पाहिलं. “काय केलं मी?”

बळवंतराव तिच्या डोळ्याकडे बघत राहिले. डोळा स्वच्छ होता, उन्हात चमकत होता. तिने हळूच पत्र्यावरून हात फिरवला आणि खालच्या आवाजात विचारलं,

“काका... पूल झाला का हो?”

“कोणता पूल, बेटा?”

निधी गोंधळली. “माहीत नाही. तोंडात आलं आपलं.”

बळवंतरावांना गल्लीत, पेढ्यांच्या आणि पोह्यांच्या वासातून, गरम डांबराचा वास आला. त्यांनी टोपी काढली.

“मार्चपर्यंत होईल, उस्ताद,” ते म्हणाले.

निधीने समाधानाने मान हलवली, पत्र्यावर दोन ठोके दिले, आणि आईचा हात धरून घरात गेली.