पातेल्यातली सवत

खोटं वाटत असेल तर राजारामपुरीत या. घर दाखवते. चहा मात्र मी तिथं घेणार नाही.

माझी मावसबहीण स्नेहल. यंदाच्या रथसप्तमीच्या आदल्या दिवशी तिच्या घरात घडलंय हे. भर दुपारी.

रात्री घडलं असतं, तर निदान समजूत तरी घालता आली असती.

स्नेहल ही विश्वजितची दुसरी बायको. पहिली संयोगिता, तापानं गेली. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे तानूबाईंनी, स्नेहलच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा छोटा पत्रा बांधला. त्यावर ठोकलेली बाईची आकृती. ही सवत. दुसरीनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं, नवी साडी आधी तिला दाखवायची.

"मऊ फडक्यानं पुसायची. घासायची न्हाय. आन् तुझ्या दागिन्यांत मिसळायची न्हाय. मानाची हाय ती!"

संयोगिता तानूबाईंच्या भावाची लेक. ती त्यांना 'आत्या' म्हणायची. स्नेहल 'आई' म्हणते. तरी वर्षभर हाक एकच...

"संयोगिता, च्या टाक गं!"

आणि घोट घेतला की, "तिच्या हातची चव न्हाय बाई."

स्नेहलला एवढंच हवं होतं, एकदा तरी सासूनं आपल्या नावानं बरं म्हणावं.

रथसप्तमीला तिचं पहिलं हळदीकुंकू. अख्खी गल्ली येणार, आणि हिला संयोगिताशी ताडून बघणार. त्यात स्नेहल हुपरीची, चांदीच्या गावची. तिनं काळे पैंजण घातले, तर माहेरचं नाकच कापलं की!

मोबाईलवर रील बघितलं. पातेल्यात पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद अंथरला, खायचा सोडा टाकला, उकळतं पाणी ओतलं. पैंजण गेले. जोडवी गेली. कुंकवाचा करंडा गेला.

गळ्यातला पत्राही काळा पडला होता.

"संयोगिताताई, तुम्ही पण अंघोळ करून घ्या," म्हणाली, आणि टाकला.

बुडबुडे आले. नासक्या अंड्याचा वास सुटला. स्नेहल नाकाला ओढणी लावून हसत होती.

मग वास बदलला...

गवती चहा.

घरात गवती चहा नव्हता. संयोगितानं लावलेली कुंडी, ती गेली तशी वाळून गेली होती.

स्नेहलनं सांडशीनं एकेक वस्तू काढली. पैंजण लख्ख. जोडवी लख्ख. करंडा लख्ख.

पत्रा...

कोरा.

आरशासारखा गुळगुळीत. बाई गायब.

ठोकलेला ठसा सोड्यानं जात नाही. हुपरीच्या पोरीला हे कुणी सांगायला नको. तरी तिनं ते पाणी चहाच्या गाळणीतून गाळलं. गाळणीत सवत शोधणारी तीच पहिली असेल!

गाळणीत काही नव्हतं.

तेवढ्यात पाठीमागं...

छुम्.

पैंजण तर टॉवेलवर पडले होते.

छुम्... छुम्... आवाज तिच्या मागून निघाला आणि हॉलमध्ये गेला.

"अगं बाई! च्या झकास झालाय की आज!"

स्नेहल पळत बाहेर आली. तानूबाई बशीत चहा ओतून फुंकत होत्या. वाफ निघत होती.

"आई... चहा कुणी दिला?"

"कुणी म्हंजे? तूच की! आत्ता ठेवून गेलीस न्हवं? गवती च्या घातलास. शिकलीस बाई एकदाची, स्नेहल!"

स्नेहल!

वर्षभरात पहिल्यांदा. तिनं कोरा पत्रा मुठीत आवळला आणि म्हणाली, "व्हय आई. मीच केला."

तिथंच चुकलं, असं मला वाटतं.

हळदीकुंकवाला सगळ्या बायका चहाची तारीफ करत होत्या. मी स्वतः दोन कप प्यायले. स्नेहल पत्रा पदरात लपवून कसनुसं हसत होती.

हुपरीला तिच्या भावानं, बाळासोनं, दोनदा नवा ठसा मारून दिला. दोन्ही वेळा सकाळी पत्रा कोरा.

मागच्या आठवड्यात फोनवर रडली. "मी उठायच्या आधी चहा तयार असतो गं. गॅसला मी हातच लावत न्हाय. उद्या आईंना खरं सांगते. शिव्या खाईन, पण सांगते."

काल मी फोन केला. "सांगितलंस का?"

"काय सांगायचं?"

आवाज अगदी मजेत. मागं पैंजण वाजत होते.

"अगं, त्या पत्र्याचं!"

"ते व्हय! ठसा बसला की. बाई आली पत्र्यावर. आता न्हाय जायची."

मला बरं वाटलं. देवाला हात जोडणार, तेवढ्यात...

"ठेवते हं. आत्या हाका मारत्यात."

फोन बंद झाला. परत लावायला माझा हात धजावला नाही.

माझेही पैंजण काळे पडलेत.

पडू देत.