ओळंब्याला न जुमानणाऱ्या काठ्या

तळघरात आधी होतं ते सगळं घराला नको झालेलं सामान. मोडकी सायकल, तीन पायांचं स्टूल, वाळून दगड झालेले रंगाचे डबे. धाकट्याने ते हातासरशी बाहेर काढलं, भिंतींना ओल धरू नये म्हणून जाड रंग दिला, आणि हवेतला दमटपणा ओढून घेणारं एक यंत्र कोपऱ्यात बसवलं. त्या यंत्राच्या पोटातलं पाणी ओतायला नेताना तो रोज बायकोला दाखवायचा. एवढं पाणी आपण श्वासाबरोबर पीत होतो म्हणायचा. बायको म्हणायची, पीतच होतो ना, मरत तर नव्हतो.

मग लाकूड कातायचं लेथ मशीन खाली आलं. चार माणसांनी दोर लावून, जिन्याच्या कठड्याचे टवके उडवत, ते खाली उतरवलं. हे मशीन दादाचं होतं. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे धाकट्याने ते कोणाला सांगितलं नाही.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. पूल हा बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ खेळायच्या काठ्या करायचा. खेळणारे तिला क्यू म्हणतात, पण या घरात ती काठीच. उभा जन्म दादाने एका भाड्याच्या खोलीत लाकूड कातलं. मग अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. तेव्हा धाकट्याने त्याला आपल्या घरी आणलं, आणि दादापाठोपाठ त्याचं मशीन, हत्यारं आणि अर्ध्या कातलेल्या काठ्याही आणल्या. तुझी कला वाया जाऊ देणार नाही, असं तो दादाच्या कानाशी मोठ्याने म्हणाला. दादाला ऐकू चांगलं येत होतं, पण ते असो.

धाकटा स्वतः बांधकामावर सुपरवायझर होता, नुकता निवृत्त झालेला. भिंत उभी आहे की कललेली हे पाहण्यात त्याची हयात गेली. लहानपणापासून लोक त्याला 'दादाचा भाऊ' म्हणत आले होते, साठी जवळ आली तरी म्हणत होते, आणि ते त्याला आत कुठेतरी खुपायचं. आता एखादी गोष्ट आपल्या हातची असावी, लोकांनी ती हातात घेऊन वा म्हणावं, एवढीच त्याची हौस होती. हौस वाईट नव्हती. तिच्यापायी त्याने काय केलं, ते वाईट होतं.

काठीचं काम तसं विचित्र. लाकूड एका दमात कातून चालत नाही. केसाएवढा पापुद्रा काढायचा आणि काठी छताला टांगून ठेवायची. महिनोन्‌महिने. लाकडाला जिकडे वाकायचं तिकडे ते वाकून घेतं, मग पुन्हा पापुद्रा, पुन्हा टांगणं. दादा म्हणायचा, तिला पोटभर रुसू द्यायचं आणि मग समजूत काढायची. धाकट्याने तळघराच्या तुळईला आकडे ठोकले. एका बाजूला दादाच्या काठ्या टांगल्या, दुसऱ्या बाजूला आपल्या. पण रुसवेफुगवे काढायला त्याला वेळ कुठे होता? त्याने दोन आठवड्यांत आपल्या काठ्या कातून मोकळ्या केल्या. टेबलावर घरंगळवून पाहिल्या, तर एकजात सगळ्या लंगडत चालल्या.

अशात एक दिवस ती पोरगी आली. गावातल्या पूल क्लबाची नवी चॅम्पियन. कोवळ्या वयाची, आणि खेळायला उभी राहिली की भल्याभल्यांची बोलती बंद करणारी. मोठ्या स्पर्धेसाठी तिला काठी हवी होती. क्लबात नवी असल्याने तिला एवढंच कळलं होतं, की या घरात कोणीतरी उत्तम काठ्या करतं. दारात उभी राहून तिने विचारलं, "काका, ते कारागीर तुम्हीच ना?"

आतल्या खोलीत दादा खुर्चीत बसला होता. मधलं दार उघडं होतं.

"हो," धाकटा म्हणाला.

एवढंच. एका अक्षराचं खोटं. म्हणताना त्याला वाटलं, नंतर समजावून सांगू. पण नंतर ती म्हणाली की तुमचं नाव फार ऐकलंय, तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि समजावणं राहून गेलं.

त्याने दादाची एक काठी उतरवली. जवळजवळ पुरी झालेली. फक्त चामड्याचं टोक बसवायचं होतं आणि पॉलिश द्यायचं होतं. दादाच्या प्रत्येक काठीला मुठीच्या अगदी खाली, अंगठा सहज जाईल अशा जागी, हाडाचा एक पांढरा ठिपका बसवलेला असे. मुगाच्या दाण्याएवढा. तीच त्याची सही. धाकट्याने काठी लेथवर चढवली, ठिपका होता तिथे खाच पाडली आणि खाचेत काळ्या लाकडाची कडी बसवली. काम सुबक झालं. आयुष्यात त्याच्या हातून एवढं सुबक काम कधी झालं नव्हतं.

पोरगी काठी न्यायला आली आणि हरखून गेली. जाताजाता आतल्या खोलीत डोकावली आणि दादाला म्हणाली, "बघा ना आजोबा, किती सरळ आहे. तुमच्या भावाचा हात म्हणजे कमाल आहे."

दादाने डावा हात पुढे केला. तिने काठी दिली. खुर्चीपुढच्या टेबलावर दादाने ती एकदा घरंगळवली. काठी आवाज न करता गेली आणि थांबली. मग त्याने ती जवळ घेतली आणि अंगठा मुठीच्या खाली नेला. तिथे तो चाचपत राहिला. एकदा, पुन्हा एकदा. मग मान वर करून त्याने धाकट्याकडे पाहिलं.

त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. दादाने पोरीकडे वळून मान डोलावली, हो, कमाल आहे, अशी, आणि काठी परत दिली. धाकट्याची कानशिलं तापली. चहाचे कप उचलायचं निमित्त करून तो स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उगाच उभा राहिला. लाज वाटली त्याला. इतकी, की बायकोने काय झालं विचारल्यावर तिच्यावरच खेकसला.

त्यानंतरच्या एका सकाळी त्याला पहिल्यांदा दिसलं. आकड्यांना टांगलेल्या काठ्या सरळ लोंबत नव्हत्या. सगळ्यांची खालची टोकं बोटभर एका बाजूला गेली होती, जिन्याच्या बाजूला.

धाकटा काही भुताखेतांना भिणारा गडी नव्हता. वाकडी काठी सरळ लोंबणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने एक काठी आकड्यावरच अर्धी फिरवली. वाक असता तर आता ती उलट दिशेला गेली असती. ती झुलली, थांबली आणि पुन्हा जिन्याकडेच कलली. त्याने दमटपणा ओढणारं यंत्र बंद केलं, झरोका लावून घेतला, मेणबत्ती लावून बघितली. ज्योत सरळ. मग त्याने आपला जुना, दोरीला बांधलेला पितळी ओळंबा काढला. भिंतींचा खरेखोटेपणा ज्याने ठरवला, तोच. काठ्यांच्या मध्ये धरला. दोरी सरळ खाली गेली. मध्ये सरळ दोरी आणि तिच्या दोन्ही अंगांना तिरप्या काठ्या, असं ते दिसत होतं.

जिन्याच्या बाजूला, वर आतल्या खोलीत, दादाची खुर्ची होती.

धाकट्याने दुसऱ्या दिवशी दादाची खुर्ची मागच्या खोलीत हलवली. तिथे ऊन छान येतं म्हणाला. संध्याकाळी खाली जाऊन पाहिलं तर काठ्या मागच्या भिंतीकडे कलल्या होत्या. त्याने खुर्ची पुढच्या खोलीत आणली, काठ्या पुढे आल्या. शेवटी बायको कडाडली. दादा म्हणजे काय लोखंडी कपाट आहे, सारखे हलवताय ते, म्हणाली. दादा काही म्हणत नव्हता. कसा म्हणणार? हलवू देत होता, आणि हलवताना डाव्या हाताने धाकट्याचं मनगट धरत होता, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं.

पोरगी स्पर्धा जिंकली. क्लबात धाकट्याचा सत्कार ठरला, मग झालाही. लोकांनी पाठ थोपटली. मॅनेजरने माइकवर सांगितलं की थोरल्याची कला धाकट्याने नुसती राखली नाही, तर पुढे नेली. टाळ्या झाल्या. धाकटा खाली मान घालून उभा राहिला, आणि लोकांना तो विनय वाटला.

व्यासपीठावरून खाली उतरल्यावर पोरीने त्याला बाजूला घेतलं. काठी झकास आहे म्हणाली, फक्त एक गंमत आहे. टेबलावर ठेवली की सरकते. टेबल सपाट असतं, बाकीच्यांच्या काठ्या जागच्या हलत नाहीत, ही तेवढी हळूहळू एका बाजूला जाते. परगावी खेळायला गेलं तरी जाते, पण तिथे दुसऱ्या बाजूला. धाकट्याने तिला इथली बाजू विचारली. तिने हात केला. त्या दिशेला रस्ता होता, चौक होता, आणि पुढे धाकट्याचं घर होतं. लाकूड आहे, हवेने होतं असं, तो म्हणाला. तिने विश्वास ठेवला. ती त्याच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवत होती, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.

आता त्याला एकच करायचं होतं. दादापुढे बसून म्हणायचं, दादा, चुकलो. आणि मग पोरीला आणि क्लबाला खरं सांगायचं. दादाची तब्येत उतरत चालली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हा जे काय म्हणायचं ते लवकर म्हणायला हवं होतं. तो रोज वर जायचा. दादाच्या पायाशी स्टूल ओढून बसायचा. दादा वाट बघायचा. खरंच वाट बघायचा, वाचा नसलेल्या माणसाचं ऐकणं काय असतं ते पाहणाऱ्यालाच कळतं. आणि धाकटा म्हणायचा, पंखा लावू का? उशी बदलू का?

त्या दुपारी तो निर्धार करून गेला. स्टूल घेतलं. दादाचा हात हातात घेतला.

"दादा, ती काठी..."

दादाने डोळे उघडले. चेहऱ्यावर काहीतरी हललं. अंगठा धाकट्याच्या तळहातावर आला आणि तिथे थांबला.

"...ती काठी तिला फार आवडली," धाकटा म्हणाला.

दादाने मान डोलावली. हो, कमाल आहे.

धाकटा उठला आणि तडक तळघरात गेला. मशीनला पाठ टेकून तो उभा राहिला.

समोर काठ्या तिरप्या लोंबत होत्या, दादाच्या दिशेला.

मग त्या परत यायला लागल्या.

सगळ्या एकदम. आवाज न करता. घाई न करता. थोडं पुढे, थोडं मागे, आणि थांबल्या.

ओळंबा अजून तिथेच लटकत होता. काठ्या आता त्याच्या दोरीसारख्या सरळ होत्या.

धाकट्याला वर जाऊन बघायची गरज नव्हती. तो जिन्यावर बसला आणि रडला. थोड्या वेळाने वरून बायकोने हाक मारली.

सगळं आवरल्यावर पोरगी भेटायला आली. गंभीर चेहऱ्याने बसली, दादाबद्दल चार शब्द बोलली. मग म्हणाली की काठीचं सरकणं थांबलंय. काही दिवस झाले, जिथे ठेवाल तिथे राहते. तिने ती बरोबर आणली होती. पिशवीतून काढून, तिचे दोन भाग जोडून, तिने ती दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवली. काठी जागची हलली नाही.

ती काळ्या कडीवरून बोट फिरवत होती. "काका, क्लबातले एक म्हातारे गृहस्थ म्हणतात, ही थोरल्या भावाच्या हातची वाटते. मी म्हटलं, विचारून सांगते. खरं काय ते?"

आता तर काहीच अडचण नव्हती. दादा नव्हता. लाजायचं कोणापुढे? उलट खरं बोलायला याहून सोपी वेळ आली नसती. बायको दारात उभी होती, तीही बघत होती.

"माझीच," धाकटा म्हणाला.

पोरगी हसली. वाटलंच होतं, म्हणाली.

खालून बारीक आवाज आला. लाकडावर लाकूड टेकल्याचा.

ती गेल्यावर तो खाली उतरला. दिवसाचं ऊन झरोक्यातून येत होतं. काठ्या कलल्या होत्या. जिन्याकडे, जिथे तो उभा होता.

तो मशीनच्या पलीकडे गेला.

जरा वेळ गेला. मग काठ्या वळल्या.

त्याने ओळंबा हातात धरला. या खेपेला दोरीही सरळ राहिली नाही. पितळेचा गोळा हळूच त्याच्याकडे आला. तो मागे सरला, आणखी मागे, पाठ भिंतीला लागेपर्यंत. ताज्या रंगातून ओल पुन्हा वर आली होती, ती सदऱ्यातून पाठीला लागली.

सगळ्यात जवळची काठी दादाची होती. तिचं टोक त्याच्या छातीशी आलं आणि सदऱ्याच्या बटणाखाली टेकलं. ढकललं नाही, टोचलं नाही. तिथेच हलकेच फिरत राहिलं. एकदा, पुन्हा एकदा. असायला हवं ते तिथे आहे का, हे अंगठ्याने चाचपून बघावं तसं.