शाई लावू नकोस, क्लेल

कॉफीची किटली घेऊन आर्वेला मागच्या दाराने गॅरेजकडे निघाली, आणि गाडीच्या बॉनेटवर पसरलेल्या फोटोंपैकी एकावर तिची नजर गेली मात्र, हातातली किटली अशी काही हिंदकळली की कॉफीची धार थेट होबार्टच्या बुटांवर पडली.

"आर्वेला, मी कॉफी पायांनी पीत नाही," होबार्ट म्हणाला. "तोंड वरच्या बाजूला आहे माझं."

"वय झालंय तिचं," क्लेलने मान वर न करताच म्हटलं. "तू फोटोचं बोल."

एकाहत्तराव्या वर्षी आपल्या भावाकडून, क्लेलकडून, वयाचे टोमणे ऐकायची आर्वेलाला सवय झाली होती. पण फडकं आणायच्या निमित्ताने ती स्वयंपाकघरात परतली ती सिंकची कड धरून उभीच राहिली… कारण त्या फोटोत, एका उघड्या, सोललेल्या गाडीच्या स्टिअरिंगमागे, तिचा मेलेला धाकटा भाऊ बसला होता.

कॅलिफोर्नियातल्या मेवूड गावच्या त्या छोट्या घराच्या गॅरेजपाशी दर शनिवारी सकाळी म्हाताऱ्यांची अशीच पंचायत भरायची. तरुणपणी या सगळ्यांनी जुन्या फोर्ड गाड्या विकत घेऊन, त्यांचे मडगार्ड, टप, जे जे म्हणून काढता येईल ते काढून टाकून, इंजिनांची ताकद वाढवून, वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर वाऱ्याशी शर्यती लावल्या होत्या. आता गुडघे गेले होते, बायका गेल्या होत्या, उरले होते फोटो. कुठल्या तरी ट्रंकेतून अशा एखाद्या सोललेल्या गाडीचा, हॉट रॉडचा, फोटो निघायचा, नाव नाही, साल नाही, आणि गाडी कोणाची हे सांगायला सगळे क्लेलकडे यायचे. क्लेल म्हणायचा, रंग बघू नका, चाकं बघू नका, ती आठवड्याला बदलायची. बनवणाऱ्याचा हात कुठे दिसतो ते बघा. खात्री पटली की तो फोटोच्या पाठीवर काळ्या शाईने तीन ओळी लिहायचा: गाडी कोणाची, कोणी बांधली, चालवतोय कोण. मग ते क्लबच्या पत्रिकेत छापून यायचं आणि त्यावर कोणी वाद घालायचं नाही. एकोणीस वर्षांत क्लेल एकदाही चुकला नव्हता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत चालला होता, ते फक्त आर्वेलाला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे क्लेलला ठाऊक नव्हतं.

"हा कुणालाच ओळखू येईना," होबार्ट म्हणत होता. "एका फोटोग्राफरच्या विधवेकडच्या खोक्यात मिळाला. शुक्रवारी पाच वाजता न्यायला येतो. पत्रिकेच्या पहिल्या पानावर घालायचाय."

"शुक्रवारपर्यंत कशाला," क्लेल म्हणाला. "बुधवारी ये."

"तुझा गर्व विकायला काढलास तर या घराला दुसरा मजला चढेल बघ."

आई गेली तेव्हा आर्वेला एकोणीस वर्षांची होती, क्लेल चौदाचा, आणि रॉइस अवघा सात. ओक्लाहोमाहून कॅलिफोर्नियाला येताना तो सबंध रस्ता तिच्या मांडीवर झोपला होता. दोन्ही भावांना तिने वाढवलं. पुढे क्लेलने मागच्या शेडमध्ये एकोणतीस सालची फोर्ड बांधायला घेतली, तेव्हा तिला कंदील धरायला लागायचा आणि रॉइसला पाने द्यायला. गाडी पुरी व्हायच्या आतच युद्ध आलं. बेचाळीसच्या जानेवारीत क्लेल आरमारात गेला. गाडी लाकडी ठोकळ्यांवर, इंजिनाशिवाय तशीच राहिली.

चार वर्षांनी तो परतला तेव्हा रॉइस पॅसिफिकमधल्या एका बेटाच्या वाळूत पुरलेला होता आणि शेड रिकामी होती.

"युद्धासाठी लोखंड गोळा करत होते," आर्वेलाने त्याला सांगितलं होतं. "मी देऊन टाकली."

क्लेल बराच वेळ त्या रिकाम्या ठोकळ्यांकडे बघत राहिला होता. मग म्हणाला होता, "ज्याच्याशी बोलावं तो भाऊ गेला, आणि ज्याला हात लावावा ती गाडी तू देऊन टाकलीस. माझ्यासाठी ठेवलंस काय?"

ते वाक्य तिने आपल्या त्या खोट्यासकट काळजात पुरून ठेवलं. क्लेल पुन्हा कधी भांडला नाही, तसा तो वाईट माणूस नव्हताच. फक्त दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात, टर्की कापता कापता, तो पाहुण्यांना सांगायचा, "जपानला माझ्या बहिणीने हरवलं, माझी गाडी फेकून मारली." सगळे हसायचे, आर्वेलासुद्धा. बायको गेल्यावर त्याच्या मुलीने, नोरीनने, आत्याला या घरात आणलं, तेव्हापासून ती त्याचा मक्याचा ब्रेड भाजत होती आणि त्याचे मोजे जोडीने लावत होती, आणि त्या एका गोष्टीपाशी आलं की दोघंही पायरी चुकल्यासारखी थबकत होती.

खरं काय झालं होतं ते आता जगात एकट्या तिला माहीत होतं. सतरा वर्षांच्या रॉइसने बेचाळीसच्या उन्हाळ्यात कुठून कुठून भाग जमवून गाडीला इंजिन बसवलं होतं. जुलैमध्ये, तळ्यावरच्या शेवटच्या शर्यतीला, त्याने ती पळवली. परतताना संध्याकाळच्या धुळीत पुढचं काही दिसेना, आणि गाडी एका घळीत उलटली. शेजारच्या जागेवर आर्वेला होती. तिच्या डाव्या मनगटाचा चुरा झाला, गाडीचं काही म्हणता काही उरलं नाही. "ताई, दादाला सांगू नको," रॉइस तिच्या पायाशी बसून म्हणाला होता, "युद्धावरून परत आल्यावर मीच सांगेन. शपथ घे." तिने शपथ घेतली. तो परतलाच नाही. मग तिला वाटलं, क्लेलजवळ आता भावाची आठवण तेवढी उरली आहे, तिला तरी ओरखडा नको… माझं काय, माझ्यावरचा राग त्याला पेलेल. मनगट विमानाच्या कारखान्यात मोडलं असंही तिने सांगून टाकलं. चर्चमध्ये ती पियानो वाजवायची, तो सुटला. पुढे ती दुसऱ्या वाजवणाऱ्यांसाठी स्वरलिपीची पानं उलटत राहिली.

आणि आता तो फोटो शनिवारपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होता, आणि क्लेल भिंग घेऊन त्याच्यावर वाकून बसत होता. भांडी घासताना तिचं सगळं लक्ष पाठीमागे. तो खुर्चीत जरा हलला तरी तिच्या हातातली घासणी थांबायची.

मंगळवारी दुपारी त्याने टेबलावर थाप मारली. "लॉनी स्ट्राउड."

"काय?"

"गाडी लॉनी स्ट्राउडची. ही बघ रेडिएटरची जाळी, बत्तीस सालची, वरून कापलेली. अशी एकट्या लॉनीने कापली होती. चाकंही त्याचीच."

आर्वेलाने सुटकेचा केवढा तरी मोठा श्वास घेतला. जाळी आणि चाकं लॉनीचीच होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी रॉइसने ती मागून आणली होती. त्या काळी पोरं चाकं अशी उसनी द्यायची की शेजारणीने वाटीभर साखर द्यावी. लॉनी जाऊन दहा वर्षं झाली होती, तो काही नाही म्हणायला येणार नव्हता. वाचले, तिला वाटलं. रॉइस वाचला.

ते समाधान जेमतेम रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलं. क्लेल अन्न चावत होता आणि तिला एकदम दिसलं की शुक्रवारी त्या फोटोच्या पाठीवर काय लिहिलं जाणार आहे. चालवतोय कोण: लॉनी स्ट्राउड. काळ्या शाईत. पहिल्या पानावर. तिच्या लेकरासारखा भाऊ आयुष्यात एकच दिवस आपल्या मनासारखा जगला होता, आणि तो दिवस आता दुसऱ्याच्या नावावर लागणार होता… आणि तो लावणार होता त्याचा सख्खा भाऊ. तिने गप्प बसायचं, बस्स, एवढंच. बेचाळीस वर्षं तेच तर करत आली होती.

बुधवारी होबार्ट आला नाही, शुक्रवारचंच ठरलं. गुरुवारी तिच्या हातून बीन्स करपल्या.

शुक्रवारी चार वाजता क्लेलने शाईचं पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि फोटो पालथा केला.

"शाई लावू नकोस, क्लेल."

"का?"

"ती गाडी लॉनीची नाही."

क्लेलने टोपण तोंडातून काढलं. "आता तू मला गाड्या शिकवणार?"

"गाडीच्या दाराबाहेर हातब्रेकचा दांडा आहे. त्याच्यावर भोकं किती?"

"सात. वजन कमी करायला पाडायचे तेव्हा, फॅशन होती. त्याचं काय?"

"पाचवं बघ. डाव्या डोळ्याने बघ, उजव्याने नाही दिसायचं तुला."

त्याने एकदा तिच्याकडे रोखून पाहिलं, मग भिंग डाव्या डोळ्यापाशी नेलं. पाचवं भोक रांगेच्या जरा खाली होतं. कंदील धरता धरता आर्वेलाला शिंक आली होती, उजेड हलला होता आणि क्लेलचा ड्रिल घसरला होता. त्यावरून त्याने तिला आठवडाभर चिडवलं होतं.

"हे… हे कसं शक्य आहे?" क्लेलचा आवाज अगदी हलका झाला. "माझ्या गाडीत इंजिन नव्हतं."

"होतं. त्याने बसवलं होतं. आता तोंड बघ. चष्मा बघू नकोस, नुसतं तोंड बघ."

चामड्याची टोपी, धुळीचा चष्मा, आणि त्याखाली ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेलं जिभेचं टोक. शाळेची गणितं सोडवताना रॉइसची जीभ अशीच बाहेर यायची.

क्लेलने भिंग खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. मग आर्वेलाने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. जुलै, धूळ, घळ, मनगट, शपथ, आणि भंगाराच्या ट्रकवर तिने स्वतः चढवलेला तो चेपलेला पत्रा. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होती. "त्याच्यावर रागावू नकोस," ती शेवटी म्हणाली. "पोर होतं. तुला दाखवायचं होतं त्याला."

क्लेलने पेनला टोपण लावलं आणि ते बाजूला ठेवलं.

"किती?" क्लेलने विचारलं.

"काय किती?"

"वेग, ताई. किती गेली ती?"

लग्नात, मयतीत, कुठेच त्याने तिला ताई म्हटलं नव्हतं, इतकी वर्षं. तिने खिडकीवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. "ताशी एकशे सहा मैल. आणि वर काही तरी."

"शक्यच नाही. कार्ब्युरेटर कुठले लावले होते?"

"मला काय माहीत? दोन होते. एक बेकरीच्या व्हॅनचा काढून आणला होता एवढं आठवतं, कारण बेकरीवाला घरी आला होता."

क्लेलच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा आहे असं तिला वाटलं, पण तो तसा नव्हता. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं. सहासष्ट वर्षांचा तो दांडगा माणूस हुंदके द्यायला लागला.

"तुला वाटलं मी गाडीसाठी झुरत होतो?" तो हातांच्या आडूनच बोलला. "मला वाटायचं, ते पोरगं काहीही न बघता मेलं. पाने देत राहिलं आणि मेलं. मी म्हणायचो ना त्याला, तू लहान आहेस, हात लावू नकोस… बेचाळीस वर्षं मी ते वाक्य गिळत होतो. आणि तुझ्याजवळ हे होतं. एकशे सहा होतं तुझ्याजवळ, ताई, आणि तू मला भंगार सांगितलंस."

आर्वेला खुर्चीत बसली. तिने ज्याला त्याग म्हणून जपलं होतं, ज्याच्या बळावर कितीतरी थँक्सगिव्हिंगच्या टर्क्या हसून गिळल्या होत्या, त्याची ही दुसरी बाजू तिला आजवर कधी दिसलीच नव्हती. तिने क्लेलला दुःखातून वाचवलं नव्हतं. रॉइसचा सगळ्यात सुंदर दिवस तिने त्याच्यापासून लपवला होता, माया समजून.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलंच. आणि मी? दरवर्षी, चारचौघांत, तुला…" त्याने तिचं न वळणारं मनगट हातात घेतलं, एखादा नाजूक भाग तपासावा तसं सगळीकडून पाहिलं आणि तसंच धरून ठेवलं. "फार दुखायचं का?"

"थंडीत. तुझी टर्की कापून झाली की."

"बोलून घे," तो म्हणाला. "आता तुझी पाळी आहे."

बाहेर होबार्टच्या गाडीचा हॉर्न वाजला. क्लेल उठला नाही. दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, "थांब. अजून ओळख पटवणं चालू आहे." मग त्याने खुर्ची तिच्या खुर्चीला टेकवली आणि फोटो दोघांच्या मध्ये, सुलटा ठेवला.

"पहिल्यापासून सांग. सकाळपासून. काहीही गाळू नकोस."

"पहाटे साडेतीनला उठवलं मला," आर्वेलाने सुरुवात केली, आणि इतकी वर्षं बंद पडलेली ती पहाट इतकी लख्ख समोर आली की तिला पुढचं बोलायला जरा थांबावं लागलं. "अंगात तुझा निळा सदरा होता, न विचारता घेतलेला, बाह्या चार वेळा दुमडलेल्या. म्हणाला, ताई, ऊठ, आणि हसू नकोस. मी म्हटलं, कशाला हसू? तर म्हणाला, कारण मला इतकी भीती वाटतेय की मी दोनदा दात घासले…"