दोन ठोके, तीन ठोके

या, बसा चिटणीससाहेब. तो भोपळा टेबलावर ठेवा आधी, छातीशी धरून किती वेळ उभे राहणार? धाप लागलीय तुम्हाला. वीस किलोला कमी नसेल. खरं तर या घरात भोपळा येत नाही, पण एवढं ओझं वाहून आणलंत, तर तसंच परत कसं पाठवू? फक्त जरा हळू बोला. ही आतल्या खोलीत आहे, आणि तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.

दिवा लावतो. बाहेर ऊन आहे अजून, पण या खोलीत अंधार लवकर होतो.

परवा उत्सव. गोदामात ढीग रचण्याआधी भोपळे ठोकून द्यायला मी यावं, म्हणून तुम्ही आलात. नवा माणूस चुकतोय, म्हणता. चुकणारच. कच्चा भोपळा टणक वाजतो, पिकलेला पोकळ वाजतो आणि आतून सडलेला वाजतच नाही, बोटाचा आवाज गिळून टाकतो. सांगायला एवढंच आहे, पण ते ऐकू यायला मला वीस वर्षं लागली. तुम्ही गावात नवे आहात, म्हणून मी हे काम का सोडलं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. लोक तो विषय काढत नाहीत. चांगले आहेत बिचारे.

मला एक मुलगी होती. सात वर्षांची. एका जागी पाय ठरायचा नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. बापाचा धंदा बघून तिने एक खेळ काढला होता. मी दाराला, पाटाला, कशालाही दोनदा ठोकायचं, म्हणजे ‘कुठे आहेस?’ तिने जिथे लपली असेल तिथून तीनदा ठोकायचं, म्हणजे ‘ही काय, इथे आहे!’ दिवसातून पन्नास वेळा. ही वैतागायची, म्हणायची, “अहो, ती लहान आहे, तुम्हाला कधी अक्कल येणार?”

त्या वर्षी उत्सवाच्या आदल्या दिवशी जेवण झाल्यावर मी गोदामात गेलो, तर ती मागे आलीच. तळाचा थर माझ्या हातून गेल्याशिवाय वरचा चढत नाही, ही आपल्या गावची रीत. मी ठोकत होतो, ती लपत होती. मी दोन वाजवायचो, कुठून तरी तीन यायचे, आम्ही दोघं हसायचो. त्या हसण्यात तळातला एक भोपळा मी न ऐकताच पुढे सरकवला. एकच. साहेब, तो सडलेला होता.

संध्याकाळपर्यंत ढीग छताला लागला. मानाचा भोपळा, ज्याच्या बिया उत्सवात घरोघर ओंजळभर वाटतात, तो मी मागच्या भिंतीशी वेगळा काढून ठेवला होता. मी बाहेर वजनकाट्यापाशी उभा असताना आत गडगडाट झाला. धावत गेलो, तर दाराकडची बाजू सगळी खाली आलेली. धूळ, आणि फुटलेल्या भोपळ्यांचा तो ओला, गोडसर वास. आजही तो वास आला की मला जेवण जात नाही.

ही धावत आली. दाराशीच तिला चप्पल सापडली, एवढीशी.

“अहो, इथे! इथे उपसा!”

“थांब,” मी म्हणालो. “मला ऐकू दे.”

सगळे गप्प झाले. मी दोनदा ठोकलं... आणि तीन आले. स्पष्ट. पण मागच्या भिंतीकडून.

“मागे आहे ती!” मी ओरडलो. “जिवंत आहे! सगळे मागे चला!”

बारा माणसं होती. माझ्या कानावर गावाचा विश्वास, बाराही माझ्यामागे आली. ही मात्र दाराशीच राहिली, एकटी, दोन्ही हातांनी भोपळे ढकलत. “अहो, एक माणूस तरी द्या मला,” म्हणाली. मी दिला नाही.

वेड्यासारखे उपसत होतो आम्ही. मध्येच मी दोन वाजवायचो, आणि तीन यायचे, दर वेळी जवळून. मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. शेवटी भिंत लागली. तिथे कुणी नव्हतं. फक्त तो मानाचा भोपळा. मी त्याच्यावर दोनदा ठोकलं.

आतून तीन आले.

कोयत्याने फोडला मी तो. आत गर आणि बिया. दुसरं काही नाही. आणि तेवढ्यात दाराकडून हिचा आवाज आला. तो आवाज मी तुम्हाला सांगू शकत नाही... तीन भोपळ्यांखाली होती पोर. फक्त तीन.

डॉक्टर म्हणाले, ढीग पडला त्याच क्षणी गेली, कुठूनही उपसलं असतं तरी फरक पडला नसता. मला धीर द्यायला बोलले असतील. हिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “मग तुम्हाला उत्तर कोण देत होतं?”

सहा वर्षं झाली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

त्या वर्षी उत्सव झाला नाही, पण मानाच्या बिया टाकायच्या कशा, म्हणून लोकांनी त्या वाटून घेतल्या. पुढच्या हंगामात एकाच्या शेतात पहिला भोपळा ठोकला मी. सवयीने दोनदा. उत्तर आलं. दुसऱ्या शेतात गेलो, तिथेही. गावभर, साहेब, वेलावेलाला. माझ्याशिवाय कुणालाच ऐकू येत नव्हतं. तेव्हा कानाला खडा लावला, तेव्हापासून हात काखेत घालून बसतो. पोरीला ‘कुठे आहेस’ विचारायचं आणि ती सांगेल तिथे जाता यायचं नाही, हे किती वेळा करणार माणूस?

तर माझं उत्तर नाही असं आहे. रागावू नका. तळाचा थर दोघांकडून ठोकून घ्या, आणि ढिगाजवळ लहान मुलांना...

तुम्ही पाय आपटलात का?

नाही?... मग टेबलाला धक्का...

थांबा. हलू नका.

माझे हात हे बघा, काखेत आहेत. मी नाही वाजवलं. दोन आले ना भोपळ्यातून? तुम्हालाही ऐकू आले? तुमचा चेहराच सांगतोय. आजवर मी विचारायचो आणि ती उत्तर द्यायची. तिने कधी विचारलं नव्हतं... ती विचारतेय, साहेब. आम्ही कुठे आहोत ते विचारतेय.

परत. दोन.

नाही, मी देणार नाही उत्तर. त्या दिवशी चुकीच्या जागी गेलो, आता तिला चुकीच्या जागी बोलावू? हात धरा माझे. घट्ट धरा, आपोआप उठतायत...

ऐकलंत?

हे तीन ठोके भोपळ्यातले नाहीत. आतल्या खोलीतून आले. भिंतीवर, बोटाच्या पेरांनी, सावकाश. सहा वर्षं हिच्यासमोर कुणी साधं दार वाजवलं तरी उठून जायची ही...

अगं! अगं, ऐकतेस का? दार उघड!

कडी घातलीय आतून. बोलतेय कुणाशी तरी, हळू आवाजात. “केस किती गुंतवलेस गं,” म्हणतेय.

साहेब, जाऊ नका. एक काम करा माझं, माझा हात धजत नाही. तो भोपळा उचलून बघा. एका हाताने नाही हो, मघाशी दोन्ही हातांत घेऊन आला होतात, धापा टाकत...

एका हाताने उचललात तुम्ही.