शेवटचं शिंग

तिसरा खोका काखेत मारून तो ऑफिसातून निघाला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. खोका तसा हलकाच. आत दोनशे चौदा तुकडे, जोडणीची एक पुस्तिका, आणि झाकणावर काळ्या राक्षसाचं चित्र. चार हात, खवल्यांची शेपटी, उघडा जबडा, डोक्यावर दोन शिंगं. बसमध्ये शेजारच्या माणसाने आधी चित्राकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि हसून विचारलं, "मुलांसाठी का?"

"नाही, कामाचं आहे," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

कामाचंच होतं. खेळणी बनवणाऱ्या एका कंपनीत तो सोळा वर्षं तपासनीस होता. नवा संच बाजारात जाण्याआधी तो जोडून बघायचा आणि अहवाल द्यायचा. कुठला सांधा ढिला आहे, पुस्तिकेतल्या कुठल्या पानावर डोकं फिरतं, राक्षस आपल्या पायांवर उभा राहतो की नाकावर आपटतो. हे सगळं घरी, जेवणाच्या टेबलावर करायचं असा कंपनीचा दंडक होता. ऑफिसच्या टेबलावर सगळंच जुळतं, घरात काय होतं ते मला सांगा, असं जुने साहेब म्हणायचे. ते साहेब निवृत्त झाले, दंडक तेवढा राहिला.

या राक्षसाने मात्र त्याच्या नाकी नऊ आणले होते. सोमवारी पहिला खोका जोडत तो शेवटच्या पानावर आला, तर शेवटचा तुकडाच नाही. उजवं शिंग. होतं असं कधी कधी, म्हणून त्याने मंगळवारी दुसरा खोका फोडला. या वेळी आधी सगळे तुकडे मोजले, दोनशे चौदा भरले, आणि दोन्ही शिंगं त्याने स्वतःच्या हाताने बशीत काढून ठेवली. संध्याकाळी डावं शिंग बसवून उजव्यासाठी हात घातला तर बशी रिकामी. टेबलाखाली पाहिलं, पँटच्या घडीत पाहिलं, केराची टोपली उपडी केली. कुठेच नाही.

एका खोक्यात तुकडा कमी निघाला तर ती भरणाऱ्याची चूक. तिन्ही खोक्यांत निघाला तर सगळा माल थांबतो. वजन विभागातल्या बाई, ज्यांना सगळे मागून काटाबाई म्हणत, त्या आज सकाळी त्याच्यावर चांगल्याच उखडल्या होत्या.

"वजन तोळ्याला तोळा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या काट्यावर तुकडा हरवत नाही. तुमच्या टेबलावर हरवतो."

नवे साहेब त्यांच्यापेक्षा मवाळ बोलले, आणि तेच त्याला जास्त लागलं. "आठ महिने झाले, मला कळतं," ते म्हणाले. "पण उद्या सकाळी अहवाल हवा. हाही अपुरा निघाला तर थोडे दिवस तुम्ही घरीच राहा. माझ्याही हातात फार काही नाही."

त्याने मान डोलावली. सांगण्यासारखं एक होतं, पण ते साहेबांना काय सांगणार? शेवटचा तुकडा न सापडणं त्याच्या घरात नवीन नव्हतं. त्याच्या घरात तो कधीच सापडत नसे. तो ठकीच्या मुठीत असे.

ठकी म्हणजे त्याची मुलगी. लबाडी करायची म्हणून ठकी. सात वर्षांची. तो संच जोडायला बसला की ही टेबलाखाली ठाण मांडायची आणि त्याचं लक्ष चुकवून शेवटचा तुकडा लांबवायची. शेवटचा आपणच बसवायचा, हा तिचा हक्क. मग त्याने टेबलावर टकटक करून विचारायचं, "शेवटचा कुणाकडे आहे?" खालून उत्तर यायचं, "राक्षसाला विचारा." मग त्याने डोळे मिटून दहापर्यंत मोजायचं. कट् असा आवाज यायचा, दहा झाले की तो डोळे उघडायचा, आणि राक्षस पुरा झालेला असायचा. तो तुकडा नेहमी गरम आणि किंचित ओला लागे, कारण तासभर तिने तो घट्ट धरून ठेवलेला असे. कधी कधी त्यावर दातही उमटलेले असत.

अहवालात शेवटी एक रकाना होता. भीती, पाचपैकी किती. खेळणं मुलांना किती घाबरवतं, ते तिथे लिहायचं. पण ठकीने त्याचा अर्थ भलताच लावला होता. राक्षसाला किती भीती वाटते, असं विचारलंय, अशी तिची ठाम समजूत. त्याने ती कधी खोडली नाही. ती पेन्सिलने आकडा लिहायची, मागाहून तो शाईने आपला लिहायचा.

"याला शून्य," ती म्हणायची. "याच्या घरी सगळे आहेत." किंवा, "याला एक. याची आई बाहेर गेलीय, पण येईल."

"पाच कुणाला देणार मग?" त्याने एकदा गमतीने विचारलं होतं.

"पाच कुणालाच नको द्यायला, बाबा," ती म्हणाली होती. "पाच म्हणजे अंधार असतो आणि कुणीच येत नाही."

ती आजारी पडली तेव्हाही त्याने एक संच हॉस्पिटलात तिच्या खाटेवर बसूनच जोडला. हिरवा, तीन डोक्यांचा, पिवळ्या शिंगांचा. शेवटचं पिवळं शिंग अर्थातच गायब झालं. पांघरुणातून घट्ट मिटलेली मूठ दिसत होती. पण त्या दिवशी पाचला अहवाल द्यायचा होता आणि पावणेपाच वाजून गेले होते.

"ठके, दे बघू. उशीर झालाय."

"आधी डोळे मिटा."

"आत्ता नाही गं, उद्या," तो म्हणाला. त्याच्या पिशवीत जास्तीच्या तुकड्यांची पुडी असे. त्यातलं एक शिंग काढून त्याने स्वतःच बसवलं आणि तो धावत सुटला. दारातून वळून पाहिलं तेव्हा ती रडत नव्हती. नुसती बघत होती. त्याच रात्री तिला अतिदक्षता विभागात हलवलं, आणि त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

ते शिंग त्याने खूप शोधलं. गादीखाली, उशीच्या अभ्र्यात, हॉस्पिटलातून आणलेल्या पिशव्यांत. बायकोला विचारायची त्याची छाती झाली नाही. विचारलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

घरी पोचला तेव्हा आतल्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं. बायको शाळेचे गणवेश शिवायची. आठ महिन्यांत तिने टेबलाच्या या खोलीत बसणं सोडलं होतं. जेवणसुद्धा ती मशीनपाशीच घेऊन जायची.

"चहा ठेवलाय झाकून," ती आतून म्हणाली. "पुन्हा तोच का?"

"तोच. शेवटचा आहे."

मशीन पुन्हा सुरू झालं.

त्याने तुकडे मोजले. दोनशे चौदा. या वेळी उजवं शिंग त्याने शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं. मग पाय, मग शेपटी, मग छातीचा सांगाडा. हात सवयीने चालत होते. चौथ्या हाताचा सांधा जरा ढिला वाटला, तसं त्याने अहवालात टिपलं. बाहेरचा उजेड उतरला तसा त्याने टेबलावरचा दिवा लावला. दिव्याचं वर्तुळ टेबलापुरतंच होतं. टेबलाखाली काळोख होता, आणि त्याचे पाय त्या काळोखात होते.

जबडा बसवताना त्याच्या गुडघ्याला काहीतरी टेकलं. जेमतेम टेकलं. त्याने खाली पाहिलं नाही. वाऱ्याने पडदा हलला असेल, असं त्याने मनाला सांगितलं, पण पडदा तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता.

डावं शिंग बसलं. त्याने खिशाचं बटण काढलं. आत बोटं घातली.

खिसा रिकामा होता.

त्याला वाटलं होतं आपण घाबरू. पण भीती आली नाही. या दोन दिवसांत तो जे शोधत होता ते शिंग नव्हतंच, हे त्याला स्वतःशी कबूल करावं लागलं. माल थांबला तर थांबो, नोकरी गेली तर जावो. तिने डोळे मिटा म्हटलं होतं आणि त्याने तिला उद्या म्हणून सांगितलं होतं. तेवढं एक त्याला परत फिरवायचं होतं.

त्याने टेबलावर टकटक केलं.

"शेवटचा... कुणाकडे आहे?"

उत्तर आलं नाही. आतलं मशीन मात्र थांबलं.

त्याने डोळे मिटले आणि मोजायला लागला. एक. दोन. तीन. चारला खोलीत पेन्सिलच्या भुशाचा वास आला, आणि त्यात मिसळलेला हॉस्पिटलच्या औषधाचा. सहाला समोरची खुर्ची जमिनीवरून थोडी सरकली. सात त्याने अगदी हळू म्हटलं. आठला दिव्याची ऊब तोंडावरून गेली, कुणीतरी मध्ये उभं राहावं तशी. नऊ.

कट्.

दहा म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. दहा म्हटलं की डोळे उघडायचे, आणि डोळे उघडले की समोर कुणी नसणार. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. शेवटी बायकोच्या आवाजानेच त्याने डोळे उघडले.

"अहो," ती दारातून म्हणाली. "हे कुठून आणलंत तुम्ही?"

काळ्या राक्षसाच्या डोक्यावर डावीकडे काळं शिंग होतं. उजवीकडे पिवळं. त्याच्या टोकाला बारीक दात उमटलेले होते. त्याने बोट लावलं. शिंग गरम होतं, आणि ओलं.

"हे त्या दिवशीचं आहे," तो म्हणाला. "हिरव्या राक्षसाचं. मी खूप शोधलं गं. तुला सांगितलं नाही, पण त्या दिवशी ती डोळे मिटा म्हणाली होती आणि मी... मी मिटले नाहीत."

बायको भिंतीला धरून उभी राहिली.

"सापडणार कसं तुम्हाला?" ती म्हणाली. "तिच्या मुठीत होतं ते. शेवटपर्यंत. सिस्टर उघडायला बघत होती, मीच नको म्हटलं. तसंच जाऊ दिलं मी तिच्याबरोबर."

मग ती आठ महिन्यांत पहिल्यांदा टेबलापाशी आली. तिने राक्षसाला हात लावला नाही. शेजारी पडलेला अहवाल तिने दिव्याखाली ओढला आणि शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

भीतीचा रकाना त्याने कोरा ठेवला होता. हल्ली तो शेवटीच भरायचा. आता तिथे पेन्सिलने एक आकडा होता. मोठा, वाकडातिकडा, आरशात दिसावा तसा उलटा. शाळेच्या वहीत बाईंनी लाल शाईने कितीदा सुधारला तरी ठकीचा पाच कायम उलटाच यायचा.

पाच.

"तिने कुणाला कधी पाच दिले नव्हते," तो म्हणाला.

बायकोला रकान्याची ती सगळी गंमत ठाऊक होती. तिने कागद जपून खाली ठेवला, पदराने डोळे पुसले आणि खुर्ची बाजूला सारून ती टेबलाखाली वाकली. गुडघ्यांवर रांगत ती आत गेली, ठकी बसायची त्या जागी.

"अहो," तिचा खालून आवाज आला, "इथे किती अंधार आहे. दिवा खाली द्या."

त्याने दिवा उचलून खाली दिला आणि स्वतःही आत शिरला. दोन मोठ्या माणसांना ती जागा पुरत नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन ते खांद्याला खांदा लावून बसले. फरशी गार होती. दोघांच्या मध्ये मात्र एक वीतभर फरशी ऊबदार होती, नुकतंच कुणी उठून जावं तशी. तिने तिथे हात ठेवला. त्याने तिच्या हातावर आपला ठेवला.

वर टेबलावर कट् असा आवाज झाला. थोड्या वेळाने आणखी एक. काळा राक्षस कुणी सुटा करत होतं की पुन्हा पहिल्यापासून जोडत होतं, ते खालून कळत नव्हतं. बघायला कुणी डोकं बाहेर काढलं नाही.

बायकोने डोळे मिटले. "मोजा ना," ती हलकेच म्हणाली.

त्याने मोजायला सुरुवात केली. सावकाश, एकेक आकडा नीट उच्चारत. नऊपर्यंत आला की तो थांबायचा, आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा.